भर मे महिन्यात स्वेटर

लातूर, मे महिना, बुधवार संध्याकाळ

माझ्याच येडेपणानं सगळं बाहेर आलं. हिमाचलला न्यायचे दोन स्वेटर सकाळी गच्चीवर उन्हात टाकले. लातुरात, मे महिन्यात! खालच्या काकूंनी विचारलं, तर मी म्हणाले, कसर लागलीय.

दुपारी सरांना फोनवर सांगितलं तर लई हसले. आम्ही दोघं रिटायर मास्तर, दोघं एकटे, आणि पोरांना न सांगता पळून जाऊन लग्न करायला निघालोय. डोंगरातलं देऊळ, तिथला पुजारी आणि आम्ही दोघं, बस्स. पण सर आंतरपाटावर अडून बसलेत. मी म्हणाले, "सात वर्षं एकमेकांचं तोंड बघूनच राहिलो की, आता मधे पडदा कशाला?" तर म्हणतात, "बाई, पडदा सरला की तुम्हाला नवरी म्हणून पहिल्यांदा बघायचंय."

या वयात! पण ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. "मग आंतरपाट धरणार कोण? दोन टोकांना दोन माणसं लागतात," मी म्हणाले.

संध्याकाळी स्वाती सासरहून अचानक आली. गच्चीवरून स्वेटर तिनंच आणले. मोठा उलगडून बघितला. "सरांचा ना?"

आता लपवणार काय? देऊळ, लग्न, आंतरपाट, सगळं सांगून टाकलं. लेकीनं दोन्ही स्वेटरच्या नीट घड्या घातल्या, एकावर एक ठेवल्या.

"आई, तुझं पहिलं लग्न काही मी बघितलं न्हाई. या वेळी आंतरपाट मला धरू दे."

एक टोक झालं. सर, तुमच्या पोराकडं स्वेटर हाय का?