चित्रात नसलेले पाहुणे

३ फेब्रुवारी, मंगळ.
नववीला चित्रवर्णन दिलं. जुन्या मासिकाच्या मुखपृष्ठावरची बाई. नऊवारी, खिडकीशी बसलेली, हातात पुस्तक. अंबाजोगाईला रद्दीत मिळालं होतं. सगळ्या वह्यांत एकच दळण, ‘वाचनाचे महत्त्व’. सारिकाचं तेवढं वेगळं: ‘ही बाई वाचत नाही. बोट पानात आहे आणि पदर आत्ताच डोक्यावर घेतला आहे. बाहेर पाहुणे आलेत.’ दहात चार दिले. लाल शेरा: चित्रात पाहुणे नाहीत.

५ फेब्रु.
वह्या वाटताना सारिकाला विचारलं, पाहुणे कुठून काढलेस गं? म्हणाली, “आमच्यात रविवारी आलते, बाई. मला बघायला.” वय चौदा. दिवाळीनंतर लग्न.
घरी येऊन चित्र परत पाहिलं. पदर खरंच घाईत घेतलाय, एक बाजू कानामागंच अडकली आहे. पंधरा वर्षं मराठी शिकवते, आणि मला नुसतं पुस्तक दिसलं.

७ फेब्रु., शनि.
शाळेतल्या कुलकर्णीबाई म्हणाल्या, सरळ हेल्पलाइनला फोन करा. पण मी शहाणी ना! म्हटलं, ओळखीची माणसं, आधी समजुतीनं बघू. शाळा सुटल्यावर सारिकाच्या घरी गेले. वडिलांनी खुर्ची दिली, चहा पाजला. “तुमी म्हणता तर थांबू, बाई. पोरगी काय जड हाय का आमाला?” येताना स्वतःवरच खूश.

९ फेब्रु.
सारिका गैरहजर. घराला कुलूप. तिची मैत्रीण पूजा रडत म्हणाली, “काल मामाच्या गावाला उरकलं, बाई. तुमी गेलतात म्हणून घाई केली.”
मुख्याध्यापक: “झालं ते झालं. आता तक्रार करून तिचा संसार मोडायचा का?”
संसार म्हणे! मेल्याहून मेल्यासारखं झालंय. फोन तेव्हाच केला असता तर...

१२ फेब्रु.
पूजाकडून सारिकाच्या सासरचा नंबर घेतला. मैत्रीण बोलतेय असं खोटं सांगितलं, तेव्हा कुठं सारिकाला फोन दिला. माफी मागितली. म्हटलं, तक्रार करते, माणसं घेऊन येते. मागं भांड्यांचा आवाज. मग हळूच म्हणाली, “येऊ नका, बाई. मागं तुमी आलात तर दुसऱ्या दिवशी लगीन लावलं. आता आलात तर काय करतेल?”
अर्ज लिहून झालाय. मुलीचं नाव, वय, गाव, सगळं. माझी सही तेवढी राहिली आहे.