कुट्टूच्या पिठात जवळा

आये, काल संध्याकाळी मी कुट्टूची धिरडी केली. तू केली होतीस तशी, सुका जवळा घालून. जेवायला तुझा लेक आला होता, माझा मुलगा आणि सून होती. पालघरच्या या घरात आता एवढी माणसं एकदम क्वचितच बसतात, म्हणून काहीतरी साधं, हातासरशी होणारं करायचं ठरवलं. बोईसरच्या बाजारात चैत्र लागला की हे उपासाचं पीठ दुकानांच्या पायरीवरच मांडलेलं असतं. एक लहान पुडी चौघांना पुरून उरते. ती घेतानाच मला ठाऊक होतं की जेवताना भाऊ ती गोष्ट सांगणार आणि सगळे तुला हसणार. त्या गोष्टीतला माझा भाग मी या खेपेला तरी सांगते की नाही, ते मला बघायचं होतं.

पीठ भिजवलं आणि त्याचा तो मातकट, थोडा भाजल्यासारखा वास आला. मी डावाने ढवळत होते आणि हळूहळू ओटा खाली सरकला, स्टोव्ह जमिनीवर आला, आपली बोईसरची भाड्याची खोली माझ्याभोवती उभी राहिली. बाबा दुसऱ्या पाळीला गेले आहेत. धाकटा दारात खेळतोय. समुद्रकाठच्या मुरब्याहून येऊन तुला दोन वर्षं झाली आहेत, तरी वारा सुटला की तू अजून दाराकडे बघतेस. अख्ख्या चाळीत तुझं म्हणावं असं एकच माणूस आहे, समोरची, उत्तरेकडून आलेली भाभी. तिला मराठी येत नाही, तुला हिंदी येत नाही, तरी दुपारभर तुम्ही दोघी आपापल्या उंबऱ्यावर बसून बोलता. ती तिच्या नदीचं सांगते, तू तुझ्या खाडीचं, आणि मध्येच दोघी एकदम हसता. कशाला, ते मला कधी कळलं नाही.

त्या दिवशी शाळेतून येताना भाभी मला दारातच गाठते आणि हातात एक डबा देते. "मम्मी को बोलना, व्रत का आटा है. मैंने ज़्यादा पिसवा लिया, तुम लोग भी बना लो." मला सगळं समजतं, हिंदीत माझाच पहिला नंबर असतो. पण दोन दिवस मी तुझ्याशी धड बोलत नाहीये. तू माझ्या कॉन्व्हेंट शाळेत आली होतीस, सिस्टरना म्हणाली होतीस, "माजी पोर घरात काय आयकत नाय," आणि तेव्हापासून वर्गातल्या मुली माझ्यामागे "नाय, नाय" करत फिरताहेत.

"कसला पीठ हाय गो ह्यो?" तू विचारतेस.

"नाचणीसारखं असेल काहीतरी," मी म्हणते आणि पुस्तकात डोकं घालते.

"काय तरी? सिस्टरनी येवढाच शिकवला काय तुला?"

तू गमतीने म्हणालीस. मला ते लागलं.

पीठ तव्यावर धरेना, धिरडं उलटताना मोडायला लागलं. तू त्यात मूठभर तांदळाचं पीठ टाकलंस, कांदा टाकलास, मग मामीने पाठवलेला जवळा. आपलं नवरात्र आश्विनातलं. चैत्रातही कुणी नऊ दिवस उपास धरतं हे तुला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. मला ठाऊक होतं. जवळा पिठात पडला तेव्हा सांगता आलं असतं. पहिलं धिरडं सुटून आलं, घरभर वास सुटला, तेव्हाही. "रिकामा भांडा परत देयाचा नसते," म्हणत तू सगळ्यात चांगली धिरडी भाभीच्या डब्यात रचलीस, पदर सारखा केलास आणि निघालीस. मला वाटलं, होऊ दे. एकदा हिचंही हसं होऊ दे.

पण कुणी हसलं नाही. भाभी दिवसभराची उपाशी होती, ओठ सुकलेले. "गरम हाय, खा," तू म्हणालीस. तिने झाकण उघडलं. "हे भगवान, इसमें तो मछली है!" आतून तिची सासू ओरडली, "डिब्बा बाहर ही रख, अंदर मत लाना!" तुला शब्द कळले नसतील. तू डबा घेऊन परत आलीस आणि मोरीपाशी बसून तो कितीतरी वेळ घासत राहिलीस. त्यानंतर समोरचं दार अर्धं लोटलेलंच असायचं. दुपारी उंबऱ्यावर बसणं तू सोडून दिलंस.

बाबांना मात्र हसून हसून ठसका लागला. "कोळणीने भाभीचा उपास सोडवला!" पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ती गोष्ट निघायची, आणि तू म्हणायचीस, "मना काय ठाव, चैतात पन लोकं उपास धरतात!" मी तिथेच बसलेली असायचे, वाढत, नाहीतर वाढून घेत.

काल भावाने दुसरं धिरडं ताटात घेतलं आणि सुरुवात केली. सुनेने ती गोष्ट ऐकली नव्हती. तो उपासावर आला तेव्हा मी म्हणाले, "भाभीने मला सांगितलं होतं. मी आईला सांगितलं नाही. मुद्दाम."

मग भाऊ म्हणाला, "म्हणजे घोळ कॉन्व्हेंटवालीचा, आणि इतकी वर्षं नाव आईचं? ताई, कमाल आहे तुझी!" मुलगा म्हणाला, "आई, तू तर डेंजर निघालीस," आणि सुनेला इतकं हसू आलं की तिला पाणी द्यावं लागलं. का मुद्दाम, ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ते तुलाच सांगायचं होतं, म्हणून आज दुपारी हा कागद घेऊन बसले. पाठवायचा कुठे, ते काही मला माहीत नाही.

गोष्ट आता माझ्या नावावर झाली. पुढच्या लग्नात भाऊ ती तशीच सांगेल. तू दरवेळी सगळ्यांबरोबर हसायचीस, डोळ्यांना पदर लावून. मीही काल प्रयत्न केला, आये. नाही जमलं. तव्यावरचं धिरडं करपतंय असं सांगून मी आत गेले, आणि गॅस तर मी केव्हाच बंद केला होता.