स्वयंपाकघरातून ऐकलेली गाडी

आई, आज तुझी गाडी उघडून बसले होते. हो, तुझीच. कागदावर बाबांचं नाव असलं म्हणून काय झालं? उद्या सकाळी कबाडी तिला भंगारात न्यायला येणार होता. दादाने नागपूरहून फोनवर ठणकावलं, "चालू झाली तं ठेव, नाई तं जाऊ दे." त्याचंही चुकत नाही, तू गेल्यापासून भद्रावतीच्या या अंगणात ती दोन पावसाळे नुसती उभी आहे. पण बाबा रोज दुपारी तिच्यात जाऊन बसतात, स्टिअरिंगवर हात ठेवून. त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत, मलासुद्धा विचारतात, "बाई, कोनाच्या तुमी?" गाडी मात्र ओळखतात. ती गेली तर त्यांना कुठे बसवू, सांग.

तुला आठवतं? बाबा किल्ली फिरवायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचे, "अवं, आयक बरं, काय म्हणून राह्यली ही!" चरचर मधे नको म्हणून तू आधी तवा उतरवायचीस, मान तिरकी करायचीस आणि खिडकीतूनच निकाल द्यायचीस. नुसतं टक् वाजलं तर बॅटरी. इंजिन फिरतंय पण लागत नाही, तर ठिणगी नाही, नाहीतर पेट्रोल पोचत नाही. एकदाच चुकलीस, तेव्हा टाकीच कोरडी होती, आणि बाबांनी तुला आठवडाभर चिडवलं. कुठे शिकलीस गं हे सगळं? विचारलं की म्हणायचीस, "लेकरू रडते तवा भूक हाय का पोट दुखते, कोनी शिकवते काय?" मला वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच असतात. नसतात, बाई!

वडशाला एका लग्नाला निघालो होतो तो मे महिना मी मरेपर्यंत विसरणार नाही. मूल गाव मागे टाकलं, जंगल लागलं आणि गाडी बंद पडली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटतंय. बाबा बॅटरीला शिव्या घालतात, मग बोनेटला लाथ. तू उतरतेस, एकेका भागाजवळ तळहात नेतेस आणि इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपापाशी चटका बसल्यासारखा मागे घेतेस. "ऊन लागलं हिले," म्हणतेस. बाबांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढतेस, आपलं प्यायचं पाणी त्याच्यावर ओततेस आणि पंपाला गुंडाळतेस. बाबा ओरडतात, "लेकरं काय पितीन मंग?" तू शांतपणे म्हणतेस, "पेट्रोल उकळून राह्यलं आत. नळीत वाफच भरली तं इंजिनाले काय भेटन? निवू द्या तिले." आम्ही मोहाच्या सावलीत बसतो. थोड्या वेळाने तूच किल्ली फिरवतेस आणि गाडी अशी सुरू होते, जणू काही झालंच नव्हतं. बाबा तुझ्याकडे बघत राहिले होते. मीही. देवळातसुद्धा माझी अशी मान कधी झुकली नाही, आई.

तर आज. बॅटरी चार्ज करून आणली होती, तरी टक्. बघते तर टोकांवर हिरवट-पांढरा थर. गरम पाण्यात खायचा सोडा घातला, तुझा जुना दातांचा ब्रश टूलबॉक्समध्येच होता, त्याने घासून टोकं लखलखीत केली. मग इंजिन फिरलं, पण लागेना. प्लग काढले, ते काजळीने काळेकुट्ट. पॉलिश पेपरने घासले, बसवले. तुझ्यासारखी मान तिरकी केली आणि किल्ली फिरवली. एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि लागली गं बाई! सगळं अंगण थरथरलं.

तेवढ्यात व्हरांड्यातून बाबांचा आवाज आला, जुना, खणखणीत. "अवं, झाली का चालू?"

मी कोण आहे ते सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तुझ्याच सुरात, तू त्यांना लावायचीस तो "जी" लावून ओरडले, "झाली जी! या, बसा!" ते आले, शर्टाची वरची गुंडी लावत, आणि माझ्या शेजारी बसले.

कबाड्याला नको म्हणून कळवलंय. हा कागद टूलबॉक्समध्ये तुझ्या ब्रशखाली ठेवते, दुसरीकडे कुठे टाकणार? दादाला गाडी चालू झाल्याचं सांगितलं, त्या "जी"चं नाही. तुला सांगते. बाबांनी तुला हाक मारली आणि मी ओ दिली. आणि मला फार बरं वाटलं.