माझ्या काट्यावर पंधरा किलो

३ एप्रिल

पाणी आलं. आठव्या दिवशी, सकाळी पावणेसातला, पाऊण तास. टाकी, पिंप, कॅन सगळं भरून झालं. ह्यांनी शेवटी कढीपत्त्यासाठी तांब्यासुद्धा भरून घेतला.

दुपारी काटे आले. अकरा नग. बॅग हुकाला अडकवायची, वर उचलायची, की आकडा दिसतो. हैदराबादचं विमान सुरू झाल्यापासून सोसायटीतल्या सगळ्यांना पंख फुटलेत आणि प्रत्येकाला पंधरा किलोंची चिंता. म्हणून एकत्र ऑर्डर दिली. निवड अर्थात माझी. "मॅडमनी पसंत केलंय ना, मग झालं!" एकतीस वर्षं मी वजनमाप खात्यात निरीक्षक होते, त्याचा सोसायटीत अजून एवढा मान आहे. बरं वाटतं, खोटं कशाला लिहू.

खोकं आधी चहूबाजूंनी बघितलं, मग उघडलं. उघडताना ह्यांनी व्हिडिओ काढला. अर्ध्या व्हिडिओत त्यांचा अंगठा आहे. किलोच्या साखरेच्या पुड्यावर काटा तपासला. बरोबर एक.

८ एप्रिल

आमच्या केतकीच्या प्रोबेशनचा शेवटचा महिना. महिनाअखेर कायम झाल्याचं पत्र यायला हवं. शेंद्र्याच्या कंपनीतली पक्की नोकरी सोडून ही पोरगी विमान कंपनीच्या काउंटरवर जाऊन उभी राहिली, तेव्हा हे आठवडाभर नीट जेवले नव्हते. कंपनी केवढी, तर एक विमान. तेही पंख्याचं. आठवड्यातून तीन दिवस उडायचं. घरात आम्ही त्याला चिमणी म्हणतो. आता चिमणी रोज उडते, भरून उडते. तरी पत्र हातात येईपर्यंत माझ्या जिवाला थारा नाही.

आज के. सांगत होती, उन्हाळ्यात चिमणीला वजन सोसत नाही. हवा तापली की कमी ओझं घेऊन उडावं लागतं, म्हणून काउंटरवर किलोकिलोचा हिशेब. "आई, एकाला सोडलं की मागचे पंधरा जण सोड म्हणतात. मी कुणालाच सोडत नाही."

माझ्यावर गेलीय.

११ एप्रिल

पा. आलं. पस्तीस मिनिटं.

शेजारच्या नसीमभाभी ईदचा शीरखुर्मा देऊन गेल्या. त्या आणि रफिकभाई पुढच्या आठवड्यात हैदराबादला, मुलाकडे. बॅग आपल्याच काट्यावर वजन केली. मीच उभी राहून. १५.०

"केतकीची ड्यूटी कधी आहे, वहिनी? हम उसकेच टाइम पे जाते."

सगळे तिचीच ड्यूटी विचारतात. घरची पोरगी आहे, किलो-दोन किलो जास्त झालं तर बघून घेईल, असा भाव. ती बघून घेणार नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही. काट्यावर पंधरा असल्यावर प्रश्नच कुठे येतो?

१७ एप्रिल

रफिकभाई भयंकर चिडलेत. हैदराबादहून फोन. कंपनीकडे तक्रारही केलीय. काउंटरवर त्यांची बॅग साडेसतरा भरली. के.नं तिथंच उघडायला लावली. तूरडाळ आणि ज्वारीचं पीठ काढून सोडायला आलेल्या पुतण्याच्या हातात द्यावं लागलं. रांगेतले सगळे बघत होते.

"वहिनी, तुमारे काटे पे पंद्रा था. उदर साडेसतरा कैसा हुआ? उनका काटाच खोटा है!"

मी काय म्हणाले? म्हणाले, "माझा काटा खोटा असणार नाही."

रात्री के.ला विचारलं. ती म्हणाली, "आमच्या काट्यावर शिक्का आहे, आई. तुझ्याच खात्याचा." आणि न जेवता झोपली. रफिकचाचांनी लहानपणी तिला सायकल शिकवली होती. त्यांच्या बॅगेतली डाळ काढताना तिला काय वाटलं असेल, ते मी विचारायला हवं होतं. मी काट्याचंच विचारत बसले.

२२ एप्रिल

पा. परवा यायला हवं होतं. आज आलं. अकराव्या दिवशी! हर्सूलच्या तलावात आता क्रिकेट खेळतात म्हणे. टँकर मागवला, त्याचं पाणी पिवळसर.

बी विंगच्या कुलकर्णी सरांची बॅगही जास्त भरली. सरांनी लेखी तक्रार दिली, आणि तिची प्रत मला अभिमानानं वाचून दाखवली. "वजनमाप खात्यातील निवृत्त निरीक्षकांनी प्रमाणित केलेल्या काट्यावर पंधरा किलो भरलेली बॅग आपल्या काउंटरवरील मुलीने..." ती मुलगी माझी आहे हे सरांना माहीत आहे. पण सरांचं म्हणणं, तक्रार यंत्रणेविरुद्ध आहे, व्यक्तीविरुद्ध नाही.

यंत्रणा रात्री घरी येऊन स्वयंपाकघरात रडली.

२९ एप्रिल

तिसरी तक्रार. तीही आपल्याच सोसायटीतली, तीही के.च्याच ड्यूटीत. तिच्या साहेबांनी तिला बोलावलं. काउंटरचा काटा त्यांनी तपासून घेतला, तो बरोबर निघाला. मग साहेब म्हणाले, काटा बरोबर आहे आणि तक्रारी एकाच मुलीच्या, म्हणजे वागणूक तपासावी लागेल. पत्र थांबवलंय. महिनाभर निरीक्षण, मग ठरवणार.

हे म्हणाले, "शेंद्र्याचीच बरी होती." एवढंच म्हणून गच्चीवर गेले.

मी अजूनही मनातल्या मनात त्यांच्याच काट्याला शिव्या देतेय. शिक्का असला म्हणून काय झालं? शिक्का असलेले लबाड काटे काय कमी बघितलेत मी?

२ मे

आज जे झालं ते सगळं नीट लिहून ठेवते.

रुख्मिणी भांड्याला येते. पाचोडकडची. गावची विहीर आटल्यावर दोघं नवरा-बायको शहरात आले. ती रोज आमच्यासकट चार घरांत वीस लिटरचे कॅन दोन-दोन जिने वर चढवते. हॉलमध्ये वरच्या मजल्यावरच्या पाटील बाईंची बॅग होती, माझ्याकडून वजन करून घेतलेली. १४.९. रुख्मिणीनं पोछा मारायला ती उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाली,

"बाई, ही लई जड हाय. धा-पंधरा किलोची नाय ही."

"अगं, आत्ता काट्यावर केलंय."

"आसंल. पर माझ्या हाताला कळतंय ना. पान्याच्या कॅनपरीस थोडीच हलकी हाय बगा."

मी हसले. एकतीस वर्षं, रुख्मिणी, एकतीस वर्षं मी हेच केलंय. ती पोछा मारू लागली.

पण तिला गप्प बसवलं ते मलाच जाचायला लागलं. कपाटातून निवृत्तीच्या वेळी घरी आणलेलं लिटरचं शिक्क्याचं माप काढलं. त्यानं मोजून कॅनमध्ये वीस लिटर पाणी घातलं. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, ह्याला कुठल्या निरीक्षकाची गरज नाही. कॅन काट्याला अडकवला. रुख्मिणीनं एका बाजूनं उचलला, मी दुसऱ्या.

सतरा.

रिकामा कॅन आधी अडकवून काटा शून्यावर आणला होता, म्हणजे नुसत्या पाण्याचे सतरा. दहा लिटर ठेवलं, तेव्हा सव्वानऊ. पाचाला चार किलो नऊशे. एकाला बरोबर एक.

मी खाली बसले. पाचोडच्या बाजारात मी असाच एक काटा जप्त केला होता. किलोला सरळ, दहाला लबाड. सगळ्या नव्या पोरांना मी शिकवायचे, की काटा नेहमी पूर्ण भारावर तपासा, किलोवर तर चोरसुद्धा खरं बोलतो. आणि घरी आल्यावर मी साखरेचा पुडा ठेवला आणि मोकळी झाले.

रुख्मिणी म्हणाली, "पानी सांडू नका बाई, परत पिंपात वता." ओतलं.

२ मे, पुन्हा

वेबसाइटवर जाऊन जुने अभिप्राय वाचले. चार हजारांत पाच तारे देणारे खंडीभर. एक तारा देणारे फक्त सात-आठ. त्यातल्या एकानं सरळ लिहिलंय: "दस के ऊपर झूठ बोलता है." मी जगाला सांगते, आधी एक तारेवाले वाचा. ह्या वेळी वाचले नव्हते. परत करायची मुदतही संपलीय.

३ मे

के.ला सांगितलं. वाटलं ओरडेल. ती काटा हातात घेऊन म्हणाली, "म्हणजे मी बरोबर होते." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढे दिवस तिला स्वतःलाच शंका येत होती, हे मला आज कळलं. माझ्या शब्दापुढे पोरीला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवता येईना. फार वाईट वाटलं मला. फार.

म्हणाली, "साहेबांना काही सांगू नकोस. सोसायटीत तुझं हसं होईल. महिनाभरात ते आपोआप शांत होतील."

हे पहिल्यांदाच स्पष्ट बोलले. "हसं झालं तर होऊ दे. तुझ्या आईचं वजन त्यानं कमी होणार नाही." ह्यांच्याकडून असं वाक्य पस्तीस वर्षांत एखादंच येतं.

४ मे

सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. चार वेळा खोडलं. शेवटी: "मी आणलेले काटे दहा किलोंच्या वर कमी दाखवतात. तपासणीत चूक माझी. विमानतळाचा काटा बरोबर आहे. केतकी बरोबर होती. सर्वांनी काटे माझ्याकडे आणून द्यावेत."

 पुढच्या दहा मिनिटांत मी दोनदा फोन बंद करून चालू केला.

मग परवाच हैदराबादहून परतलेले रफिकभाई स्वतःच आले. हातात काटा. मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं. ते म्हणाले, "वहिनी, मैं उस बच्ची को सबके सामने बोल दिया. उसको क्या मुँह दिखाऊँ?" मी म्हटलं, तोंड मलाच दाखवायला जागा नाही, तुम्ही कशाला रांगेत उभे राहता? दोघंही हसलो. नसीमभाभींनी तीच परत आलेली तूरडाळ शिजवून पाठवली.

अकरापैकी दहा काटे संध्याकाळपर्यंत आले. कुलकर्णी सरांचा नाही.

६ मे

पा. नाही. चौदावा दिवस.

साहेबांना पत्र लिहिलं, स्वतः नेऊन दिलं. सोबत काटा. साहेब म्हणजे तिशीतला मुलगा निघाला. पत्र वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही मेल केलं असतं तरी चाललं असतं." मी म्हटलं, "काटा मेलनं कसा पाठवू?" त्यानं काउंटरवर एक बॅग आधी त्यांच्या काट्यावर, मग माझ्या काट्यावर केली. सोळा आणि पावणेचौदा. मग म्हणाला, तक्रारदारांनी तक्रार मागे घेतली तर फाइल बंद करायला सोपं जाईल.

बाकी दोघांनी परवाच मागे घेतलीय. म्हणजे उरले कुलकर्णी सर.

७ मे

पा. रात्री अडीचला आलं! रुख्मिणी नव्हती, मी आणि हे. के.पण उठली. तिघांनी मिळून भरलं.

सर सकाळी दारात. काटा आणि मागे घेतल्याचं पत्र, तीन पानी. त्यात काटा कसा फसवा होता ह्यावर अडीच पानं आणि "संबंधित कर्मचारी निर्दोष" ही एक ओळ. एक ओळ पुरे झाली. त्यांना चहा दिला, दोनदा.

१४ मे

पत्र आलं!!! कायम. साहेबांनी स्वतः फोन करून घरी कळवलं. हे पेढे आणायला गेले ते उन्हात टोपी विसरून. मी देवापाशी दिवा लावला आणि रुख्मिणीच्या हातावर पहिला पेढा ठेवला. ती म्हणाली, "मी काय केलं बाई?" मी तिच्या हातावर दुसरा पेढा ठेवला. साडी द्यायचीच आहे, पण साडीनं ते सांगून होत नाही.

छातीवरचा दगड उतरला. किती किलोंचा होता ते विचारू नये.

२३ मे

पा. नवव्या दिवशी. चाळीस मिनिटं, जोर चांगला.

नवा काटा मागवला. ह्या वेळी एक तारेवाले सगळे वाचले, विकणारा किती वर्षं दुकान चालवतो ते बघितलं, परत करायची मुदत कॅलेंडरवर लिहिली. पाच, दहा, पंधरा, वीस, चारही भारांवर पाण्यानं तपासला. चारही ठिकाणी रुख्मिणीला आधी हातानं अंदाज विचारला. अर्ध्या किलोच्या आतच चुकली. सोसायटीला मात्र शिफारस केलेली नाही. विचारलं तर सांगते, कॅन आणा आणि स्वतः तपासा.

२८ मे

चिमणीला जोडीदार येतोय. कंपनी दुसरं विमान घेतेय, आणि कोल्हापूरचं उड्डाण सुरू होणार. साहेबांनी के.ला विचारलंय. तिथलं काउंटर उभं करायचं, हाताखाली दोन मुली, वर्षभर तरी. "किलोभरही न सोडणारं माणूस हवंय," असं म्हणाले म्हणे.

हे लगेच म्हणाले, "जा." ज्यांना शेंद्र्याची बरी वाटत होती, तेच.

मी उठून पोळ्या लाटायला घेतल्या. मला के.नं विचारलं नाही. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

१ जून

ढग येतात, जातात. पा. नाही.

के.नं कपाटावरची मोठी बॅग काढली. म्हणाली, "ठरलं नाही हं अजून. नुसतं बघतेय, पंधरा किलोंत काय काय बसतं." दोन ड्रेस, गणवेश, चादर, पुस्तकं. मी मेतकूट आणि लोणच्याची बरणी आणून बाजूला ठेवली. तिनं बघितलं, पण आत टाकली नाही, परतही नेली नाही.

मग म्हणाली, "बघ गं, किती भरतंय."

नवा काटा अडकवला, बॅग उचलली. १३.८. १४.३. १४.१. १३.९.

"आई, हात स्थिर ठेव ना."

"स्थिरच आहे."

नव्हता. एकतीस वर्षांत माझा हात काट्याखाली कधी हलला नाही. आकडा काही केल्या ठरेना. शेवटी बॅग खाली ठेवली आणि म्हटलं, उद्या करू.