हॉलमध्ये मेंढरं नकोत

आबा,

राग आलाय म्हणून लिहायला बसलेय, आणि त्यातला निम्मा तुमच्यावरच आहे. तुमच्या धाकट्यानं निमोण्यात बंगला बांधला. हॉलच्या मोठ्या भिंतीवर आपल्या जुन्या रानाचं चित्र पाहिजे म्हणाला, तेही ऑइल पेंटमध्ये, आणि अक्कानंच, म्हणजे मीच, केलेलं. नातू मोबाइलवर व्हिडिओ लावून देतो, ते बघत बघत या वयात मी हे शिकले. आधी कॅनव्हासवर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग वर जवसाच्या तेलातला दाट रंग. घाई केली की खालचा रंग वर येतो आणि सगळा चिखल होतो. म्हणून उन्हाळाभर ते चित्र इथं खुटबावला माझ्या स्वयंपाकघरात उभं होतं. सून भाकरी थापताना नाकाला पदर लावायची, म्हणायची, आई, चटणीलासुद्धा वास लागलाय.

माळ हिरवागार दाखवला नाही मी. उन्हाळ्यातलं गवत पिवळं, पण दिवस कलताना त्यात जरासं जांभळं उतरतं. ते साधेपर्यंत कितीदा पातं घेऊन खरवडलं. मग बाभळी, ओढा, आणि खांद्यावर घोंगडी टाकून पुढं चाललेले तुम्ही, मागं मेंढरं. मेंढरू काळं म्हणून नुसता काळा फासून भागत नाही. त्यात निळा कालवायचा, तपकिरी कालवायचा, पाठीवर उन्हाचा एक फटका द्यायचा, तवा ते चालायला लागतं.

रविवारी धाकटा आला. चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, गहिवरला.

“झ्याक जमलंय, अक्का. फकस्त मेंढरं पुसून टाक, तिथं ऊस दाखव. पोरीला बघायला मान्सं येणार हायती. हॉलमधी मेंढरं कशाला?”

“आन् आबा?”

“आबा ऱ्हाऊ दे की. घोंगडी तेवढी घालवून फेटा बांध.”

मी म्हणाले, तुझी कॉलेजची फी ज्यांच्या लोकरीवर भरली त्यांना पुसू म्हणतोस? तो अर्धा चहा तसाच ठेवून गेला. लेंडीखतासाठी, आमच्या रानात मेंढरं बसवा म्हणून गावोगावचे शेतकरी तुम्हाला आग्रह करायचे, आणि आज तीच मेंढरं पाहुण्यांपासून लपवायची? पण त्याला तरी काय बोलू? पाल सोडून आपण पहिलं घर बांधलं त्या वर्षी मी कोळशानं भिंतीवर मेंढरू काढलं, तर तुम्ही स्वतः पोतेरं फिरवलंत. “आता आपण शेतकरी हाय, पोरी. भित्तीवर ते नगं.” मी रडले, तुम्ही बघितलंही नाही. लाज त्यानं बंगल्यासाठी नवी आणली नाही, आबा. तुम्हीच ती वाटणीत दिलीत.

तरी त्याचं मन राखावं म्हणून काल मी उसासाठी हिरवा रंग पिळला होता. तो तसाच राहिला. काळा कालवला आणि ओढ्यापलीकडं आणखी मेंढरं चढवली. आहे तसं न्यायचं तर ने, नाहीतर माझ्या भिंतीला जड नाही, असा निरोप धाडलाय. अजून फोन नाही. नाही आला तरी पुसणार नाही.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठं टाकणार, राहील इथंच पिठाच्या डब्याखाली. एक मात्र तुम्हालाच सांगते. आपली मेंढरं एवढी कधीच नव्हती, आबा. रागारागात वाढली.