पाटीवरचं ‘डॉ.’

मस्कत, ता. ३ फेब्रुवारी २०२६

ती. मंगलआक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आई नुसती रडती, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. तिला वाचून दाखव. चष्म्याच्या दुकानात माझं बरं चाललंय. वर्षात तिसरं काम, पण ह्यात जीव रमला. घासलेली काच हात लांब करून धरली की समुद्र वर जातो, आभाळ खाली येतं, आणि मी तिथंच तरंगत राहतो. शेठ ओरडला की खाली.

आईला मागावरचा धागा दिसत न्हाय म्हणालीस. तिचा नंबर कळव, चष्मा करून पाठवतो.

तुझा,
सिद्राम

वडगाव, बेळगाव, ता. ५ फेब्रुवारी

चि. सिद्रामास,
अनेक आशीर्वाद.

आईला नंबर विचारला तर म्हणाली, ऐंशी. मी घाबरलेच. मग कळलं, बाई सुताचा नंबर सांगत होती! आप्पा हसून हसून खोकायला लागले.

पण पुढचं हसायचं न्हाय. आठ दिवस झाले, तिला दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय, डोकं ठणकतंय. कॅम्पातल्या डॉक्टरांकडं चल म्हटलं तर म्हणती, माझा सिद्राम तिकडं लोकांचे डोळे तपासतोय, आखाडात मंगाईच्या जत्रंला येऊन तोच बघंल, परक्याला कशाला दाखवू? मागं तूच तसं लिहिलं व्हतंस न्हवं? आप्पांनी तर तू इथं येऊन काढशील त्या दुकानाची पाटीबी रंगवून आणली, नावापुढं ‘डॉ.’ घालून. तू सांगितल्याबिगर ती हलायची न्हाय.

जिवाला जप रं.
मंगल

मस्कत, ता. ५ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, मी डोळे तपासत न्हाय. खोटं लिहिलं व्हतं. तपासणारी बाई वेगळी हाय, शिकलेली. तिचं लायसन भिंतीवर टांगलंय. तिनं कागदावर नंबर लिहून दिला की मी काच घासायची, एवढंच. कागदाबिगर चष्मा विकला तर इथं दुकानाला टाळं लागतं. तिच्या खुर्चीत मी बसलो तर मलाबी घालवतील. आपल्याकडंबी आता त्याला शिक्षण आणि नोंदणी लागती म्हणं. मी सातवी नापास. आप्पांना म्हणावं, ‘डॉ.’ पुसा.

स्वप्नात मात्र त्या खुर्चीत मीच असतो. समोर तू. भिंतीवर अक्षरांच्या जागी तू विणलेले काठ लावलेत, आणि तू रुंद काठापासनं बारीक बुट्टीपर्यंत न अडखळता सांगत चाललीस. मी नुसता ऐकतोय.

त्या बाईला तुझं सांगितलं. ती म्हणाली, कडं दिसतंय तर एक दिवसबी थांबू नका, हे चष्म्याचं काम न्हाय. आई, माझी वाट बघू नको. लई राग आला तरी चालंल, पण आजच जा.

तुझा खोटारडा,
सिद्राम

वडगाव, ता. ७ फेब्रुवारी

चि. सिद्रामास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं.  आई उठली, इरकल नेसली, चप्पल घातली.

कॅम्पातले डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला दाब वाढलाय. थेंब चालू केलेत, परवा लेझर करणार. उजव्या डोळ्याची कडेची नजर थोडी गेली, ती परत यायची न्हाय. बाकीची राहील म्हणाले. जत्रंपर्यंत थांबलो असतो तर काहीच राहिलं नसतं.

तिथल्या नर्सनं विचारलं, कुणी पाठवलं तुम्हाला? तर आई रांगेतल्या सगळ्यांस्नी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, माझ्या पोरानं. डॉक्टर न्हाय हो तो.

तुझी,
मंगल