‘चाळीस जेवणं’ या फिल्मची मूळ प्रत कोणाकडे जावी याविषयी

मी, रोझविटा ब्रुगमान, वय ऐंशी, धंदा चित्रपट करणे, राहणार बार्मेन, वुपरटाल, चौथा मजला, हे सगळं स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे चौदा महिन्यांत मी रस्त्यावर पाऊल टाकलेलं नाही. खिडकीखालून, नदीवरच्या रुळाला लटकत धावणारी लोंबती रेल्वे जाते, तिच्यातली माणसं मला बघतात. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. घर भाड्याचं असून भाडेपट्टा माझे पती एकार्ट यांच्या नावावर आहे. ते त्यांचंच राहील. माझ्या खोलीतलं सामान त्यांनी ठेवावं किंवा फेकावं.

कलम २. चावी भरून चालवायचा कॅमेरा आणि फिल्म जोडायचं टेबल डेटलेव श्टुकेनब्रोक यांना द्यावं. तीस वर्षं त्यांनी माझ्या फिल्म पडद्यावर दाखवल्या, तेही एकदाही अर्थ न विचारता.

कलम ३. शेजारीण नेर्मिन आकसोय यांना माझी सगळी पुस्तकं. त्या माझा कचरा खाली नेतात आणि वर येताना बाहेरची बातमी आणतात.

कलम ४. डॉ. हार्टविग यांना काहीही देऊ नये. ‘मानवी चेहऱ्याचा त्याग’ या विषयावर त्यांनी माझ्यावर तीनशे पानं लिहिली. एकोणपन्नास वर्षं मी फक्त भिंती, वाफ आणि नदीचं पाणी का चित्रित केलं, याची त्यांच्याकडे सात कारणं आहेत. खरं कारण बाजूच्या खोलीत राहतं. ते दार वाजवायचं त्यांना सुचलं नाही.

कलम ५. ‘चाळीस जेवणं’, तेवीस मिनिटं, काळी-पांढरी, मूक.

हे कलम मी तीनदा लिहून खोडलं आहे, म्हणून आधी काय घडलं ते नोंदवते.

१९७४ साली एकार्ट कापडी फिती विणणाऱ्या गिरणीत कामाला होता. संध्याकाळी येऊन सूप प्यायचा. डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा, मान खाली, शेवटी पावाने ताट पुसून लख्ख. स्वयंपाकघरातून ताटं सरकवायच्या खिडकीत, कापडाआड मी कॅमेरा ठेवला. आवाज झाकायला रेडिओ मोठा लावला. चाळीस दिवस. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्याने तो हात काढून घेतला असता.

पहिल्या खेळाला मी त्याला सोबत नेलं. सातव्या मिनिटाला सभागृह हसायला लागलं. तो उठला. घरी आल्यावर म्हणाला, “त्यांचं सोड. तू हसलीस.”

मी हसले होते.

“तो हात तिथे का असतो, तुला माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“मग यापुढे माणसावर कॅमेरा लावायचा नाही. भिंतींची फिल्म काढ.”

मी कबूल केलं. त्या रात्रीपासून तो दार लावून जेवतो. मी निघून का गेले नाही? आधी हट्ट, मग सवय, आणि आता जिने. फिल्म मात्र जगभर फिरली. मला कुठेही बोलावलं, तरी हीच तेवीस मिनिटं हवी असायची. मी त्याला ताटाशी कोंडलं आणि स्वतःही तिथेच अडकले.

गेल्या गुरुवारी त्याच्या दाराबाहेर उभी राहून मी हे कलम मोठ्याने वाचलं: मूळ प्रत एकार्टची, त्याने ती ठेवावी अथवा जाळावी.

आतून चमच्याचा आवाज थांबला. “जाळली, तर लोक तुला बिचारी म्हणतील. ठेवली, तर मला हसतील. जाता जाताही मलाच कोंडतेस होय गं?”

“मग तूच सांग, काय करू?”

चमचा पुन्हा वाजायला लागला. रविवारी दाराखालून गिरणीच्या जुन्या पावतीमागे लिहिलेला कागद सरकला.

सबब, आता अंतिम: मूळ प्रत डेटलेव श्टुकेनब्रोक यांच्याकडे राहील. प्रत्येक खेळाआधी पुढील मजकूर पडद्यावर एक पूर्ण मिनिट दाखवावा. अन्यथा फिल्म दाखवू नये. मजकूर एकार्टचा आहे, त्यातलं एक अक्षरही बदलू नये. त्याने मला माफ केलं, असा याचा अर्थ कोणी काढू नये. दार अजून बंदच आहे.

“मी एकार्ट ब्रुगमान. १९४७ च्या हिवाळ्यात अनाथाश्रमात माझ्या पलीकडचा मुलगा माझा पाव ओढून घ्यायचा. एकदा मी त्याचा ओढला. तो मार्चमध्ये मेला. हात त्यासाठी आहे. आता हसा.”

वुपरटाल-बार्मेन, १९ ऑक्टोबर २०२३

(सही) रोझविटा ब्रुगमान

स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत. मला हवे होते.

साक्षीदार: (सही) नेर्मिन आकसोय, तिसरा मजला
(सही) डेटलेव श्टुकेनब्रोक, निवृत्त प्रोजेक्टर-चालक